चिंच, राख आणि कांगारू

विजापूर रस्त्यावर गुरुबसप्पांनी पेट्रोलचा पंप बसवला, तेव्हा त्या रस्त्याने दिवसाला जेमतेम दहा मोटारी जात आणि त्यांतल्या दोन-चार तरी ढकलत नेलेल्या असत. पण गुरुबसप्पांना पंप हवा होता. स्टेशनाकडच्या आबासाहेबांनी मोटार घेतली होती. तिला उत्तर म्हणून आपणही मोटार घेणं म्हणजे नुसती नक्कल झाली असती. पंप घेतला की आबासाहेबांची मोटार आपल्या दारात येऊन तिष्ठत उभी राहणार, हा त्यातला खरा फायदा. पोट काय, भुईमुगाच्या आडतीवर चालतच होतं.

पंप म्हणजे माणसापेक्षा उंच असा एक लाल लोखंडी खांब, कडेला हाताने मारायचा दांडा, आणि सगळ्यांत वर, बाईने डोक्यावर घागर घ्यावी तसा, दुधी काचेचा एक मोठा गोळा. कंपनीच्या कागदांत त्याला ग्लोब म्हटलं होतं. त्याच्या पोटात विजेचा दिवा होता आणि दोन्ही अंगांवर तांबड्या रंगात एकेक कांगारू काढलेला होता, पोटाच्या पिशवीत पिल्लू घेतलेला. ते कंपनीचं चिन्ह. सोलापुरात कांगारू कुणी पाहिलेला नसल्यामुळे ज्याला जे दिसे ते तो पाही. दांडा मारणारा सिद्धाप्पा धनगराच्या घरचा. त्याने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "कुत्रं न्हाय, हरीण बी न्हाय. पर पोटातनं कोकरू भायेर बघतंय, तवा जनावर चांगल्या घरचं हाय." गुरुबसप्पांच्या आई पार्वतम्मा यांनी तर बघताक्षणी हातच जोडले. लेकुरवाळं जनावर आपल्या दारात दिव्यात येऊन बसलंय, याहून मोठा शकुन कुठला असणार?

या सगळ्यात वेणीमाधव मास्तर आले ते इंग्रजीमुळे. एकतीस वर्षं शाळेत शिकवून ते निवृत्त झाले होते. एकतीस वर्षांत त्यांनी वर्गात आवाज चढवला नव्हता, त्यामुळे मागच्या बाकांना त्यांचा आवाज कसा आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. कंपनीची पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची आणि ग्लोबची देखरेख करायची, असं काम त्यांना मिळालं. त्याबरोबर पंपामागच्या कडुनिंबाखाली हातांची एक लाकडी खुर्चीही मिळाली. दोन मोटारींच्या मध्ये तासतासभर कुणी येत नसे. मास्तर त्या खुर्चीत बसून पुस्तक वाचत. घरी वाचायची सोय नव्हती. पुस्तक उघडलं की पत्नी गोदावरीबाई मांडीवर हरभऱ्याचं सूप आणून ठेवत. म्हणत, "डोळे खाली घालून बसलाच आहात, तर खडे तरी दिसू द्या." त्या खुर्चीसाठी मास्तर जगातलं काहीही सहन करायला तयार होते. तशी वेळ येईल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

ग्लोबबरोबर कंपनीने अकरा सूचनांचं एक छापील पत्रक पाठवलं होतं. ग्लोब उतरवताना दोन माणसं असावीत. खालच्या कड्याला धरावं, वरून कवटाळू नये. मानेचे तीन स्क्रू घट्ट पिळू नयेत, उन्हात काच फुगते आणि तडकते. चिन्हाचा रंग भट्टीत भाजलेला नसून वरून दिलेला आहे, तरी ते कोमट पाणी आणि मऊ फडकं याखेरीज कशानेही पुसू नये. आणि अकरावी सूचना अशी की ग्लोब कंपनीच्या मालकीचा राहील, तो फुटला किंवा चिन्ह पुसलं गेलं तर पंप काढून त्याच शहरातल्या दुसऱ्या लायक इसमास देण्यात येईल. तो लायक इसम कोण, हे सांगायला इंग्रजीची गरज नव्हती.

मास्तरांनी त्या सूचनांचं मराठी केलं. चांगलं केलं. 'तडकते' लिहावं की 'भंग पावते', यावर त्यांनी दोन दिवस घालवले. मग सुवाच्य अक्षरात लिहून तो कागद पंपाच्या खोलीत खिळ्याला लावला. सिद्धाप्पाला वाचता येत नव्हतं आणि गुरुबसप्पांना वेळ नव्हता, त्यामुळे भाषांतरात चूक निघाली नाही.

महिन्यातून एकदा ग्लोब उतरवला जाई. दिव्याच्या उजेडाने आत शिरलेली पाखरं मरून तळाला साचत, ती काढावी लागत. सिद्धाप्पा शिडीवर आणि मास्तर खाली. गोल वस्तू जमिनीवर ठेवायची कशी, हे कंपनीला सुचलं नव्हतं. ते सिद्धाप्पाने सोडवलं. त्याने बायकोची पाण्याला जायची चुंबळ आणली. कापडाच्या त्या वेटोळ्यावर ग्लोब असा बसे की जणू इंग्लंडात चुंबळीसाठीच घडवला असावा. मानेला आगगाडीच्या प्रवासात एक टवका उडालेला होता, तिथे मास्तरांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. त्यामुळे स्क्रू काचेला न टोचता रबरात बसत. ही युक्ती अकरा सूचनांत नव्हती. कंपनीला पत्र लिहून कळवावी असं मास्तरांना अनेकदा वाटलं, पण मोठ्या कंपनीला आपण काय सांगणार, म्हणून त्यांनी ते राहू दिलं.

असं वर्षभर ठीक चाललं. मग दसऱ्याच्या आधी कंपनीचं पत्र आलं. दसऱ्याच्याच दिवशी इन्स्पेक्टर पंप पाहायला येणार होता. कंपनीच्या पंचांगात दसरा नसावा.

गुरुबसप्पा घरी जेवताना हे बोलले आणि पार्वतम्मांनी ऐकलं. पंचमीच्या सकाळी त्या स्वतः पंपावर आल्या. हातात पितळी परात, परातीत भिजवलेली चिंच आणि चुलीची चाळलेली राख.

"सिद्धाप्पा, उतरव रे त्यो दिवा," त्या म्हणाल्या. "घरातल्या समया लखलखत्यात आन् दारातला दिवा असा मळका? खंडेनवमीला याची पूजा न्हाय का करायची?"

सिद्धाप्पाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी सिद्धाप्पाकडे पाहिलं. ग्लोब उतरला, चुंबळीवर बसला, आणि पार्वतम्मांनी पदर खोचला.

आता मास्तरांनी इतकंच म्हणायचं होतं की आई, थांबा. दोन शब्द. पण एक तर त्या मालकांच्या आई. शिवाय वयाने मोठ्या, आणि भक्तिभावाने आलेल्या. अशा बाईला तोंडावर 'थांबा' म्हणणं मास्तरांना आडदांडपणाचं वाटलं. ते खोलीत गेले, कागद घेतला आणि लिहू लागले: 'पूज्य पार्वतम्मा यांस, कृपावंत होऊन...' हे फार अर्जासारखं झालं. त्यांनी दुसरा कागद घेतला. 'सविनय सुचवावेसे वाटते की...' यात 'सुचवावेसे' हा शब्द आगाऊ वाटला. बाहेर चिंच चोळल्याचा करकर आवाज येत होता. तिसरा खर्डा बरा उतरला. त्याची स्वच्छ प्रत काढून, शाईवर वाळू टाकून, ती झटकून मास्तर बाहेर आले. तोवर पार्वतम्मांनी ग्लोबचं पूर्वेकडचं अंग आरशासारखं लख्ख केलं होतं. त्यावर कांगारू नव्हता. पिल्लू नव्हतं. शेपटीचं टोक तेवढं राहिलं होतं, गांडुळाएवढं.

मास्तरांनी कागद पुढे केला.

"ह्ये काय?" पार्वतम्मा म्हणाल्या. "मला कुटं वाचाया येतंय, मास्तर? तोंडानं सांगा की."

मास्तरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

पश्चिमेकडचा कांगारू वाचला. त्याला कारण मास्तर नव्हते. चिंच संपली होती.

"रंग कच्चा दिला म्हनायचं गोऱ्यांनी," पार्वतम्मा परात उचलत म्हणाल्या. "आमच्या समया बघा, साठ वर्सं घासतोय, तशाच हायत."

गुरुबसप्पा दुपारी आले. त्यांनी एका बाजूने ग्लोब पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला आणि मग मास्तरांना पाहिलं.

"मास्तर, हे तुमच्या देखत झालं?"

"हो."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"लिहीत होतो."

"काय लिहीत होता?"

मास्तरांनी खिशातला कागद काढून दिला. गुरुबसप्पांनी तो वाचला. खरंच फार छान लिहिलेला होता.

"आईला मी काय बोलणार नाही," गुरुबसप्पा म्हणाले. "बोलून उपयोगच नाही. पण पंप जर आबासाहेबाच्या दारात गेला, तर तुमची खुर्ची तिथं जायची नाही, एवढं ध्यानात ठेवा. चार दिवस आहेत."

मग मास्तरांनी आयुष्यात ज्याच्यावर भरवसा ठेवला होता तेच केलं. वाचनालयात जाऊन प्राण्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात कांगारूवर चौदा पानं होती. तो काय खातो, किती उडी मारतो, पिल्लू केवढं जन्मतं. काचेवर कसा काढावा, हे नव्हतं.

"मास्तर, त्यो तितं हाय की जिता," सिद्धाप्पा पश्चिमेकडच्या बाजूकडे बोट करून म्हणाला. "पुस्तकात कशापायी हुडकताय?"

मास्तरांना हे सुचलं नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं. आणि पटलं, याचं बरंही वाटलं. त्यांनी पातळ कागदाला गोडं तेल लावून तो पारदर्शक केला आणि शिल्लक कांगारूवर धरला. पण गोळ्यावर कागद बसेना, चुण्या पडू लागल्या. तेव्हा खरबुजाच्या फाका कराव्यात तशा त्यांनी कागदाच्या उभ्या पट्ट्या कापल्या आणि एकेक पट्टी लावून पेन्सिलीने कांगारू उतरवून घेतला. पट्ट्यांच्या पाठीला गेरू चोळला. त्या घासलेल्या बाजूवर चिकटवून बाभळीच्या काट्याने रेषेवरून रेष ओढली. पट्ट्या काढल्या तेव्हा काचेवर गेरूचा फिकट कांगारू उमटलेला होता. कान होते, पिशवी होती, पिल्लू होतं.

"आता मेंढरावर खूण करायचा रंग आनतो," सिद्धाप्पा उत्साहाने म्हणाला. "पावसात बी जात न्हाय."

"मेंढरावरून जात नाही, हे खरं," मास्तर हळूच म्हणाले. "काचेचं मला सांगता येत नाही." त्यांनी पंपाचा खांब रंगवून उरलेला तांबडा तेलरंगाचा डबा घेतला. रंग कंपनीच्याच रंगाच्या जवळचा निघाला. तिसऱ्या दिवसापर्यंत, श्वास रोखून, उंदराच्या शेपटीएवढ्या कुंचल्याने मास्तर भरत राहिले. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. राखेने काच बारीक खरवडली गेली होती आणि त्या खरबरीत काचेवर रंग असा धरून बसत होता की गुळगुळीत काचेवर कंपनीचा बसला नसेल. म्हणजे पार्वतम्मांनी कांगारू पुसला खरा, पण दुसऱ्यासाठी जमीनही नांगरून ठेवली होती. हे त्यांना सांगावं असं मास्तरांना वाटलं नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी पिल्लाचा डोळा भरला. ग्लोब चढवला, पण रंग अजून बोटाला लागत होता.

नवमीच्या सकाळी पार्वतम्मा पुन्हा आल्या. या वेळी तांब्याभर पाणी, तेलाची वाटी, विभूती, हळद-कुंकू, फुलं. सिद्धाप्पाने दांड्याला झेंडूची माळ घातली. पार्वतम्मांनी खांबाला विभूतीचे तीन पट्टे ओढले, मग वर पाहिलं.

"अय्यो, परत आलं की माझं लेकुरवाळं! सिद्धाप्पा, उतरव. आंगुळ घालू दे, तेल लावू दे."

सिद्धाप्पाने शिडीला हात घातला. मास्तरांचा हात खिशाकडे गेला. खिशात पेन्सिल होती, कागद होता. पण शिडी लागली होती. आणि मास्तरांना वाटलं, आपण आता 'पूज्य' लिहायला बसलो तर 'य' पुरा होईतो पिल्लू वाहून जाईल.

"आई," मास्तर म्हणाले. आवाज स्वतःचाच आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. "ते ओलं आहे. हात लावू नका."

पार्वतम्मा वळल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"मग आसं सांगा की तोंडानं!" पार्वतम्मा म्हणाल्या. "बाळंतीण हाय म्हना की ती. दहा दिवस आंगुळ नगं. सिद्धाप्पा, शिडी काढ. खाली फुलं वाहतो." आणि त्यांनी खालूनच कुंकवाची चिमूट उधळली, फुलं वाहिली, नमस्कार केला आणि गेल्या.

मास्तर खुर्चीत बसले. एवढंच होतं तर, त्यांना वाटलं. सहा-सात शब्द. पंचमीला हेच बोललो असतो तर चार दिवस आणि एक कांगारू वाचला असता. एकतीस वर्षांत असं आणखी किती वाचलं असतं, याचा विचार त्यांनी पुढे केला नाही.

दसऱ्याला इन्स्पेक्टर आला. मुंबईचा माणूस, डोक्यावर हॅट, अंगावर विजापूर रस्त्याची सगळी धूळ. त्याने दांडा मारून पाहिला, मग शिडी मागवून वर चढला आणि ग्लोब पाहू लागला. गुरुबसप्पांच्या हातात आपट्याची पानं होती, ती त्यांनी घामाने भिजवली.

इन्स्पेक्टरने पूर्वेकडचा कांगारू पाहिला. बोटाने टोकरला. मान हलवली. मग पश्चिमेकडचा पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"या बाजूला तुम्ही काहीतरी केलंय," तो म्हणाला. "रंग विटलेला आहे, रेषा फुटलेल्या आहेत. हा कंपनीचा कांगारू वाटत नाही. ती बाजू पाहा. ते खरं काम."

कंपनीचा अस्सल कांगारू वर्षभर पश्चिमेचं ऊन खाऊन उभा होता आणि आता कंपनीच त्याला ओळख देत नव्हती.

"ती बाजू इतकी कशी राखलीत?" इन्स्पेक्टर खाली उतरून वही उघडत म्हणाला. "सगळीकडे चिन्हं विटताहेत. तुमची पद्धत काय?"

"चिंच आन् राख!" पार्वतम्मा पंपाच्या खोलीच्या दारातून म्हणाल्या. "माज्या हातानं घासली म्या."

"टॅमरिंड," गुरुबसप्पा अभिमानाने म्हणाले. त्यांना वाटलं, बाजी मारली. "ॲन्ड ॲश, सर. आवर ओन मेथड."

इन्स्पेक्टरने वहीत 'ग्लोब : उत्तम' असं आधीच लिहिलं होतं. त्याच्याखाली तो लिहू लागला. लिहिता लिहिता म्हणाला, "हे सगळ्या एजंटांना छापून पाठवायला हवं. पुण्यापासून गुलबर्ग्यापर्यंत."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. पुणे, बार्शी, विजापूर, गुलबर्गा. गावोगावच्या पंपांवर पराती, चिंच, पदर खोचलेल्या आया, आणि एकामागून एक कोरे होत जाणारे गोळे. गप्प बसलं तर पंप राहणार होता आणि खुर्चीही. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात मास्तरांचा हात धरणारं सोलापुरात कुणी नव्हतं.

"साहेब," मास्तर म्हणाले, "ते लिहू नका."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चिंच, राख, कागदाच्या फाका, गेरू, बाभळीचा काटा, तेलरंग. खरा कोणता आणि काढलेला कोणता, तेही. गुरुबसप्पा खाली बसले. स्टेशनाकडे नजर लावून बसले, जणू पंप आत्ताच तिकडे चालत निघाला होता.

इन्स्पेक्टर पुन्हा शिडीवर चढला. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. बराच वेळ खाली उतरला नाही. उतरला तेव्हा पहिल्यांदा त्याने वही पाहिली.

"'उत्तम' मी शाईने लिहिलंय," तो म्हणाला. "खोडलं तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं तर मला खरा-खोटा कळत नाही, हेही द्यावं लागेल." त्याने चिंचेची ओळ तेवढी खोडली. "पाण्याने जाईल का हा?"

"नाही साहेब. राखेने काच खरबरीत झालीय, ती रंग धरून ठेवते."

"हं," इन्स्पेक्टर म्हणाला. "आमच्या गोदामात विटलेले एकवीस ग्लोब पडले आहेत."

पंप राहिला. गुरुबसप्पांनी आबासाहेबांना स्वतः जाऊन सोनं दिलं आणि पंप बघायला बोलावलं. पंधरा दिवसांनी आगगाडीने पहिली खोकी आली, पेंढ्यात गुंडाळलेली. त्यांवर मास्तरांचं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं.

तेव्हापासून कडुनिंबाखाली काम चालू आहे. खुर्ची शाबूत आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. तिच्यावर चुंबळ असते, चुंबळीवर ग्लोब असतो. इतकी बेताची उंची दुसऱ्या कशाची भरत नाही. मास्तर समोर उभे राहून रंगवतात. पुस्तक खोलीत खिळ्याखाली पडलेलं आहे, चौथ्या पानावर.

बसायला दुसरी खुर्ची मिळावी, हे गुरुबसप्पांना तोंडाने सांगायला एक घटका पुरे. मास्तरांनी तसा अर्ज लिहायला घेतला आहे. तिसरा खर्डा चालू आहे.